तलावाकाठचे चिखलपक्षी बघायला जाताय? आधी चिखल बघा

शोअरबर्ड किंवा वेडर, म्हणजे काठाच्या चिखलात नि उथळ पाण्यात चरणारे चिखलपक्षी, म्हटलं की डोळ्यासमोर समुद्रच येतो, पण यातले कितीतरी पक्षी समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत, तलावांच्या आणि धरणांच्या काठी उतरतात, काही तर अख्खा हिवाळा तिथेच काढतात. टिटव्या, चिखले, तुतवार, टिलवे, पाणलावे, पाणटिवळे, शेकाटे ही सगळी मंडळी यात आली. नवीन माणूस यांच्याकडे बघून एकदम गळाठतो कारण सगळे तपकिरी, सगळे लांब आणि सगळे पळत असतात. मी पण सुरुवातीला पुस्तक उघडून एकेका पक्ष्याशी झटापट करायचो आणि संध्याकाळी डोकं दुखायला लागायचं. मग हळूहळू कळलं की सुरुवात पक्ष्यापासून करायचीच नसते, काठापासून करायची असते. पाणी कुठपर्यंत आहे, चिखल किती ओला आहे, उतार कसा आहे हे बघता आलं की अर्धे पक्षी आपोआप आपापल्या जागी दिसायला लागतात. त्यामुळे पहिला दिवस कसा घालवायचा ते त्याच क्रमाने सांगतो.

आदल्या दिवशी: जागा शोधणं

मोबाईलवर सॅटेलाईट नकाशा उघडा आणि धरणाची भिंत कुठे आहे ते बघा, आणि मग तिथे जाऊ नका. भिंतीजवळ पाणी खोल असतं, काठाला दगडांचं पिचिंग असतं, चिखलपक्ष्यांना तिथे उभं राहायलाही जागा नसते. माझी पहिली अख्खी सकाळ मी भिंतीवर काढली होती आणि पाणकावळे सोडून काही दिसलं नव्हतं, पक्षी सगळे दुसऱ्या टोकाला होते. आपल्याला हवं ते दुसरं टोक, म्हणजे फुगवट्याचं शेपूट, जिथे नदी किंवा ओढा येऊन मिळतो. तिथे वर्षानुवर्षं गाळ साचलेला असतो आणि जमीन इतकी सपाट की पाणी कुठे संपतं तेच नीट कळत नाही.

हा सपाटपणा का महत्त्वाचा आहे त्याचं साधं गणित आहे. शंभर मीटरला एक मीटर असा उतार असेल आणि पाणी फक्त ३० सेंटिमीटर उतरलं तर ३० मीटर रुंद चिखल उघडा पडतो. तेच ४५ अंशाच्या तीव्र काठावर तेवढंच पाणी उतरलं तर जेमतेम हातभर पट्टा मिळेल. म्हणून तलाव मोठा की लहान यापेक्षा काठ किती सपाट हे बघायचं, गावाबाहेरचं उथळ तळंसुद्धा कधीकधी मोठ्या जलाशयापेक्षा जास्त देऊन जातं.

दुसरी गोष्ट म्हणजे पाणी चढतंय की उतरतंय. समुद्रावर भरती-ओहोटीचं वेळापत्रक असतं, इथे तसलं काही नाही, इथे पाऊस, बाष्पीभवन, शेतीसाठी सोडलेलं पाणी आणि धरणाचे दरवाजे मिळून काठ ठरवतात. उतरतं पाणी सगळ्यात चांगलं. नुकत्याच उघड्या पडलेल्या चिखलात कायरोनॉमिड नावाच्या, डासांसारख्या दिसणाऱ्या पण न चावणाऱ्या माश्यांच्या अळ्या असतात, लालबुंद, रक्तासारख्या, कारण त्यांच्या अंगात हिमोग्लोबिन असतं आणि त्यामुळे कमी ऑक्सिजनच्या गाळातही त्या तग धरतात. गोड्या पाण्याकाठी चिखलपक्ष्यांचं हे एक मुख्य खाणं. पण चिखल वाळून त्याला भेगा पडल्या की चोच आत जात नाही, मग पक्षी ओल्या पट्ट्याच्या मागे मागे सरकत जातात. म्हणजे गेल्या आठवड्यात जिथे थवा होता तिथेच आज असेल असं धरून चालू नका.

कधी जायचं

यातले बरेच पक्षी उत्तरेत, पार टुंड्रापर्यंत, जून महिन्याच्या आसपास वीण करतात. पण आपल्याला वाटतं तितके दिवस ते तिथे राहत नाहीत, जुलैमध्येच मोठे पक्षी दक्षिणेकडे निघालेले असतात आणि त्यांची त्याच वर्षीची पिल्लं काही आठवडे मागून, आईबापांशिवाय, स्वतःची स्वतः येतात. मला ही गोष्ट अजूनही दर वर्षी थक्क करते. ऑक्टोबर २०२२ मध्ये साधारण पाच महिन्यांच्या एका बार-टेल्ड गॉडविटने (हा पाणटिवळ्याचाच एक प्रकार) अलास्का ते टास्मानिया असं १३,५६० किलोमीटर अंतर ११ दिवसांत, कुठेही न उतरता पार केलं, अंगावर लावलेल्या सॅटेलाईट टॅगमुळे ते कळलं. ते समुद्रावरचं उड्डाण होतं. जमिनीवरून जाणारे बरेच जण टप्प्याटप्प्याने जातात, आणि आपण ज्या तलावावर उभे आहोत तो त्यातला एक टप्पा असतो. तिथे ते खाऊन अंगात चरबी साठवतात आणि पुढे जातात. हे डोक्यात ठेवा, पुढे काठावर कसं वागायचं ते यावरूनच ठरतं.

उत्तर गोलार्धात असाल तर जुलै ते सप्टेंबर हा परतीचा काळ, नंतर जिथे थंडी सौम्य तिथे हिवाळाभर पक्षी असतात, आणि मार्च ते मे मध्ये उत्तरेला जाताना बरेच जण विणीच्या पिसाऱ्यात दिसतात. ओळखायला सोपं म्हणाल तर वसंतातलं, कारण रंग चढलेले असतात. पण नवख्याने वाट बघत बसू नये, हिवाळ्यातले राखाडी पक्षी बघूनच आकार आणि चाल डोळ्यात बसते.

सामान

८×४२ ची, म्हणजे आठ पट मोठं दाखवणारी आणि ४२ मिलिमीटर भिंगाची, दुर्बीण असली की सुरुवात होते. जास्त मोठं करणारी दुर्बीण हातात हलते आणि बघता येतो तो भाग लहान होतो, त्यामुळे १२× वगैरेच्या मागे लागू नका. चिखलपक्षी लांब असतात त्यामुळे पुढेमागे स्पॉटिंग स्कोपची इच्छा होणारच, ती रास्त आहे, २०-६०× चा स्कोप आणि दणकट ट्रायपॉड पुरतो, पण पहिल्या दिवसासाठी खरेदी नको, कोणाकडे असेल त्याच्यासोबत जा. बाकी मळखाऊ रंगाचे कपडे, टोपी, चिखलात भरले तरी चालतील असे बूट, भरपूर पाणी, बसायला एखादी चटई, वही आणि पेन्सिल. पक्षी ओळखायचं मर्लिन अॅप आवाजासाठी उपयोगी पडतं, पण लांबून काढलेल्या धूसर फोटोवरून ते जे नाव सुचवेल त्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका, अंदाज म्हणून घ्या.

सकाळी: सूर्य पाठीशी

उजाडताना पोहोचा आणि तलावाच्या पूर्वेच्या काठावर थांबा म्हणजे सूर्य पाठीमागे राहील आणि पक्ष्यांवर उजेड पडेल. उलट बाजूला उभे राहिलात तर सगळे पक्षी काळ्या सावल्या होतात, आणि काळ्या सावलीत टिलवा कुठला नि चिखल्या कुठला हे सुरुवातीला कळणं अवघड. दुपारनंतर पश्चिमेच्या काठावर जायचं. आणखी एक कारण लवकर जायचं, ऊन चढलं की चिखलावरून गरम हवा वर यायला लागते आणि दुर्बिणीतलं चित्र पाण्यासारखं थरथरतं. तेव्हा स्कोप ६०× वर नेऊन उपयोग नसतो, उलट झूम कमी करावं लागतं. ढगाळ दिवस मिळाला तर भाग्य समजा, दिवसभर चित्र स्वच्छ राहतं.

काठ वाचणं

आता मुख्य काम. पोहोचल्यावर लांबच थांबा, बसा, आणि पहिली दहा मिनिटं कुठल्याही एका पक्ष्याचं नाव शोधू नका. नुसते पट्टे बघा. कोरडी, भेगाळलेली जमीन कुठे संपते, चमकणारा ओला चिखल कुठे सुरू होतो, पाण्याचा पातळ पापुद्रा कुठे आहे, मग घोटाभर पाणी, मग त्यापुढचं खोल. आणि बाजूला गवत, दगड.

कोरड्या पट्ट्यावर टिटव्या आणि चिखले. ओल्या चमकत्या चिखलावर टिलवे, म्हणजे स्टिंट, आणि त्यांच्यात शेपटी हलवत फिरणारे धोबी, जे या गटातले नाहीत पण नवख्याला हमखास चकवतात. पातळ पाण्यात ठिपकेवाला तुतवार, रफ, मार्श सँडपायपर. पोटापर्यंतच्या पाण्यात लांब पायांचे शेकाटे आणि लांब चोचीचे पाणटिवळे. गवताच्या मुळाशी, अजिबात न हलता, पाणलावा. आणि दगडांवर, अगदी मघाशी जिथे जाऊ नका म्हटलं त्या भिंतीच्या पिचिंगवरसुद्धा, एकटाच फिरणारा साधा तुतवार.

हे काही कायदे नाहीत, पक्षी इकडचे तिकडे होतातच. पण पायाची लांबी ठरवते किती खोल जायचं आणि चोचीची लांबी ठरवते किती खाली शोधायचं, त्यामुळे एकाच काठावर दहा जातींना एकमेकांच्या तोंडचा घास न काढता पोट भरता येतं. एकदा हे दिसलं की तो तपकिरी गोंधळ गोंधळ राहत नाही.

नाव शोधण्याआधी चाल बघा

चिखल्या पळतो, थांबतो, टिपतो. परत पळतो, थांबतो, टिपतो. त्याचे डोळे मोठे असतात कारण तो बघून शिकार करतो, आणि चोच आखूड असते. कधीकधी तो एक पाय ओल्या मातीवर थरथरवतो म्हणजे आतले किडे हलतात आणि त्याला दिसतात. तुतवार आणि टिलव्यांचं तसं नाही, ते चालता चालता सतत टोचत राहतात, शिवणयंत्राच्या सुईसारखे. लांब चोचवाले तर बघतही नाहीत, चोच खुपसून टोकाने चाचपतात. त्या टोकाला स्पर्शाच्या पेशी ठासून भरलेल्या असतात आणि चोच पूर्ण चिखलात असतानाही पाणलाव्यासारखे पक्षी नुसतं वरचं टोक उघडून आतली अळी पकडू शकतात. हे लांबून दिसत नाही पण माहीत असलं की बघण्यातली मजा वेगळीच होते.

फक्त एवढं सांगता आलं की समोरचा पळ-थांबवाला आहे की टोचणारा, तरी पहिल्या तासाचं काम झालं.

पहिल्या दिवशी सहाच पक्षी

जास्त नकोत, खरंच. शेकाट्यापासून सुरू करा, लांबलचक गुलाबी पाय, काळी-पांढरी अंगरखी, सुईसारखी चोच, चुकायला जागा नाही. तो ३५ ते ४० सेंटिमीटरचा असतो, त्याला मोजपट्टी करा आणि बाकीच्यांची उंची त्याच्याशी ताडून बघा. एकट्या पक्ष्याचा आकार लांबून कायम फसवतो, दोन पक्षी शेजारी असले की फसवत नाही.

दुसरा साधा तुतवार. मागचा भाग सतत वरखाली हलतो, छातीच्या बाजूने पांढरा रंग खांद्यापुढे वर चढलेला दिसतो आणि उडताना पंख ताठ धरून, थरथरवत, पाण्याला चिकटून जातो.

तिसरा छोटा कंठेरी चिखल्या. डोळ्याभोवती पिवळं कडं आणि उडताना पंखावर पांढरा पट्टा नाही. गळ्यातला पट्टा समोर तुटलेला असेल आणि पाय काळसर असतील तर केंटिश प्लव्हर असू शकतो.

चौथा ठिपकेवाला तुतवार आणि त्याच्याबरोबरच हिरवा तुतवार, कारण हे दोघं एकमेकांशिवाय शिकताच येत नाहीत. दोघांचाही उडताना पार्श्वभाग पांढरा दिसतो. ठिपकेवाल्याची पाठ ठिपक्याठिपक्यांची, भुवई लांब आणि ठळक, पाय पिवळसर, पंख खालून फिके. हिरवा जास्त गडद, उडाला की काळा-पांढराच वाटतो कारण पंख खालूनही काळपट, आणि बहुतेक वेळा एकटा, एखाद्या ओढ्याच्या कोपऱ्यात. मला हे दोघं वेगळे करायला एक अख्खा हंगाम लागला, आणि शेवटी पंखांची खालची बाजू बघायची सवय लागली तेव्हाच जमलं.

पाचवा छोटा टिलवा. १२ ते १४ सेंटिमीटर, म्हणजे चिमणीपेक्षाही लहान, काळे पाय, काळी आखूड चोच, एक क्षण स्वस्थ नाही. याच मापाचा पण सावकाश चालणारा, पिवळसर पायांचा, छाती सरसकट करडी असलेला दिसला तर तो टेमिंक्स स्टिंट, तो उघड्या चिखलापेक्षा गवताच्या आसऱ्याने जास्त असतो.

सहावा रफ, आणि याच्यासाठी जरा जास्त वेळ ठेवा कारण सगळ्यात जास्त माणसं याच्यावर अडतात. नर मादीपेक्षा इतका मोठा की शेजारी बघितले तर दोन जाती वाटतात. लहान डोकं, लांबट मान, थोडं पोट सुटलेलं अंग, मध्यम आणि किंचित खाली वळलेली चोच, पाठीवर खवल्यांसारखी नक्षी, पायांचा रंग हिरवटापासून नारिंगीपर्यंत काहीही. माझ्या जुन्या वहीत जिथे जिथे अनोळखी वेडर असं लिहिलंय त्यातले बरेचसे हेच असणार असं आता वाटतं. म्हणून माझा नियम असा की कळत नसलेला, मधल्या आकाराचा पक्षी दिसला की आधी हा रफ तर नाही ना ते तपासायचं, मग पुढे.

ग्रीनशँक, रेडशँक, पाणटिवळा हे दिसले तर बघाच, पण पाठांतर नको. एवढं लक्षात ठेवा की रेडशँक उडाला की पंखांच्या मागच्या कडेला रुंद पांढरी पट्टी चमकते, आणि ग्रीनशँक उडता उडता तीन वेळा खणखणीत ट्यू-ट्यू-ट्यू ओरडतो. आवाज लवकर पाठ होतात आणि लांबून, धुक्यात, पाठमोऱ्या पक्ष्यालाही लागू पडतात.

जवळ कसं जायचं, आणि कुठे थांबायचं

सरळ पक्ष्यांच्या दिशेने चालत जाऊ नका. तिरकं, हळू, थांबत थांबत, शक्यतो वाकून जा, आणि आकाशाच्या पार्श्वभूमीवर आपली उभी आकृती दिसेल अशा बांधावर उभे राहू नका. गाडी रस्त्यावरच काठाजवळ लावता येत असेल तर आतूनच बघा, माणसापेक्षा गाडीला ते कमी घाबरतात. याहून चांगलं म्हणजे एका जागी बसून राहणं. खाता खाता ते स्वतःच काठाने तुमच्याकडे सरकत येतात, अर्ध्या तासात दहा-पंधरा मीटरवर टिलवा येऊन गेल्याचं मी कितीदा अनुभवलंय.

पक्षी खाणं थांबवून मान ताठ करून बघायला लागले, एकदम एका दिशेने चालायला लागले, ओरडायला लागले की तुम्ही फार जवळ आलात, दोन पावलं मागे या. मी एकदा फोटोसाठी तसाच पुढे गेलो आणि अख्खा थवा उठून तलावाच्या पार पलीकडे गेला, परत आलाच नाही. फोटो पाठमोरा आणि हललेला. त्यांनी दिवसभर खाऊन साठवलेलं मी एका मिनिटात खर्चायला लावलं याचं वाईट अजून वाटतं. उडणाऱ्या थव्याचा फोटो हवा म्हणून मुद्दाम उडवणं तर अजिबात नाही, आणि ड्रोनही नको.

विणीच्या दिवसांत टिटवी, शेकाट्या, कंठेरी चिखल्या उघड्या जमिनीवरच अंडी घालतात आणि ती खड्यांसारखीच दिसतात. पक्षी डोक्यावर घिरट्या घालून ओरडतोय किंवा पंख मोडल्यासारखं करत पुढे पुढे सरपटतोय म्हणजे तुम्ही घरट्याजवळ आहात, पायाखाली बघत ज्या वाटेने आलात त्याच वाटेने परत फिरा.

आणि स्वतःची काळजी. जलाशयाचा गाळ वरून सुकलेला वाटतो आणि आत मांडीपर्यंत मऊ असतो. काठी टोचून बघितल्याशिवाय पाऊल टाकू नका, चिखलात एकटे उतरूच नका. धरणाच्या खालच्या बाजूला नदीपात्रात उतरू नका, पाणी अचानक सोडतात. काही धरणांच्या परिसरात जायला किंवा फोटो काढायला परवानगी लागते, ती आधी विचारून घ्या. कुठे चाललोय ते घरी सांगून निघा.

दुपार

ऊन तापलं की पक्षी एखाद्या बेटावर किंवा चिखलाच्या जिभेवर गोळा होतात, एका पायावर उभे, चोच पाठीच्या पिसांत खुपसून. नवख्यांना ही वेळ फुकट वाटते पण मोजायला हीच उत्तम. आधी दहा पक्षी मोजा, दहा किती जागा व्यापतात ते डोळ्यात बसवा आणि तेवढे तेवढे तुकडे करत थव्यावरून पुढे जा. नुसतं खूप होते असं लिहिण्यापेक्षा अंदाजे १५० हे कितीतरी मोलाचं.

सगळा थवा एकदम उठला आणि तुम्ही काहीच केलं नसेल तर वर बघा, ससाणा किंवा भोवत्या येत असतो. झोपलेल्यांपैकी एखादा मान तिरकी करून एका डोळ्याने आकाशाकडे बघत असेल तर तोही इशाराच असतो.

पायात रंगीत कडी किंवा छोटा झेंडा असलेला पक्षी दिसला तर बाकी सगळं सोडून तो नोंदवा: रंग, क्रम, डावा पाय की उजवा, आणि सांध्याच्या वर की खाली. ज्याला आपण गुडघा समजतो तो खरं तर पक्ष्याचा घोटा असतो, पण नोंदीत फक्त वर किंवा खाली लिहिलं तरी पुरतं. यावरून तो कुठे पकडून सोडला होता ते शोधता येतं.

संध्याकाळ

शेवटचे दोन तास पश्चिमेच्या काठावर. खाणं पुन्हा जोरात सुरू होतं, आणि चिखले तर अंधार पडल्यावरही थांबत नाहीत. या उजेडात पाठीवरची एकेक पिसाची कड दिसते, तेव्हा वयही बघायचा प्रयत्न करा. शरद ऋतूत पाठीवरची सगळी पिसं ताजी, एकसारखी, कडा नीट आखलेल्या असतील तर तो त्याच वर्षीचा पक्षी, आणि झिजलेली, जुनी-नवी मिसळलेली असतील तर मोठा. छोट्या टिलव्याच्या पिल्लाच्या पाठीवर इंग्रजी व्ही सारख्या पांढऱ्या रेघा असतात, त्या याच वेळी सगळ्यात छान उठून दिसतात.

निघण्याआधी नोंद तिथेच बसून पूर्ण करा, ईबर्डवर, म्हणजे पक्ष्यांच्या नोंदी ठेवायच्या वेबसाईटवर, टाकत असाल तर किती वेळ आणि किती चाललात हेही भरा, आणि जे ओळखता आलं नाही ते अनोळखी म्हणूनच लिहा, जबरदस्तीने नाव देऊ नका. त्याखाली पाण्याबद्दल दोन ओळी लिहा, ओला पट्टा किती पावलं रुंद होता, पाणी उतरत होतं की नाही. आणि पाण्याच्या कडेला, पक्षी नसतील अशा ठिकाणी आणि पाय रुतणार नाही अशा जमिनीवर, एक ओळखता येईल असा दगड ठेवून त्याचा फोटो काढा, मागे एखादं झाड किंवा खांब येईल असा. पुढच्या आठवड्यात आलात की आधी तो दगड शोधा, पाणी त्याच्यापासून किती लांब गेलंय ते पावलांनी मोजा आणि त्या नव्या कडेवर जाऊन बसा.